शनिवारच्या मॅचआधी सगळ्या पालकांसाठी

नमस्कार मंडळी, शनिवारी आपल्या १४ वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल मॅच आहे, सकाळी साडेसातला ग्राउंडवर या, शिनपॅड विसरू नका.

आता खरं बोलायचं ते. मागच्या मॅचला ऑफसाईड दिल्यावर आपल्याच बाजूने रेफ्रीला जे ऐकवलं गेलं ते बरं नव्हतं. तो पोरगा विशीचासुद्धा नसेल, शिट्टी हातात तशीच धरून उभा होता आणि आपला गोलकीपर त्याच्याकडे न बघता बाबांकडे बघत होता, मान खाली घालून. ते बघून मला फार वाईट वाटलं हो. कोल्हापुरात फुटबॉल रक्तातच आहे, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅचला आपण सगळेच घसा बसेपर्यंत ओरडतो, पण ही शाळेची लहान पोरं आहेत, त्यांना तो दाब नको.

टाळ्या वाजवा, नाव घेऊन हुरूप द्या, समोरच्या टीमने चांगला गोल मारला तर त्यालाही. "पास दे, मार, पळ" हे कोच सरांना सांगू दे, दोन्हीकडून सूचना आल्या की पोरगं जागेवरच थांबतं. २०१९ पासून नियमात बेंचवरच्या कोचलाही कार्ड दाखवता येतं, त्यामुळे सरसुद्धा शांतच राहणार आहेत. रेफ्रीशी फक्त कॅप्टन बोलेल, तेही नीट. मॅच संपल्यावर हरो जिंको, सगळ्यांनी समोरच्यांशी आणि रेफ्रीशी हात मिळवायचाच, मगच बूट काढायचे.

कुणाला काही खटकलं तर मला संध्याकाळी फोन करा, ग्राउंडवर नको. आणि पाण्याच्या बाटल्या परत घेऊन जा प्लीज.