खलाशाच्या कुटुंबालाही दाद मागता यावी

महोदय,

संयुक्त राष्ट्रांमधील सुधारणांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यत्वापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु मानवी हक्कांच्या रक्षणासाठी उभारलेल्या संस्थांमध्ये आधी काय बदलायला हवे, याचे उत्तर डहाणूच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मला निराळे दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पावसाळी मासेमारीबंदी उठली की डहाणू-तलासरी भागातील अनेक तरुण, त्यांत आदिवासी कुटुंबांतले बरेच, ओखा, पोरबंदर, वेरावळ या बंदरांतील नौकांवर खलाशी म्हणून जातात. मालकाकडून घेतलेली उचल घरात केव्हाच खर्च झालेली असते आणि ती हंगामभर राबून फेडायची असते. गुजरात आणि सिंध यांच्यामधील सर क्रीक या खाडीजवळची सागरी हद्द दोन देशांनी आजवर निश्चित केलेली नाही. त्या पाण्यात पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने नौका पकडली की तांडेलासह (नौकेच्या प्रमुखासह) सगळे कराचीच्या मालीर तुरुंगात जातात. न्यायालयाने दिलेली शिक्षा सहसा काही महिन्यांची असते. ती संपल्यानंतरची कैद मात्र कित्येकदा काही वर्षांची होते. निवृत्त शिक्षिका म्हणून मी अशा घरांतील बायकांना अर्ज लिहून देते. त्यांतील एका अर्जाची साधी पोच मिळायला चौदा महिने लागले आणि तोवर त्या बाईने उचलीपोटी घरातली दोन जनावरे विकली होती.

कायद्यात या माणसांसाठी काहीच नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक कराराचे कलम 73 सांगते की, अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या मासळीवर किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो त्या समुद्रपट्ट्यात, पकडलेली नौका व तिच्यावरील माणसे वाजवी हमी घेऊन तातडीने सोडावीत आणि दोन्ही देशांत तसा वेगळा करार नसेल तर मासेमारीच्या नियमभंगासाठी तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये. भारताने हा करार 1995 मध्ये आणि पाकिस्तानने 1997 मध्ये मान्य केला. पुढे 2008 मध्ये दोन्ही देशांनी आपसात ठरवले की दर वर्षी 1 जानेवारी व 1 जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या, अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत दूतावासाच्या अधिकाऱ्यांना भेट घेऊ द्यायची आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटून शिक्षा पूर्ण झाली की एका महिन्यात सोडायचे. याद्या नेमाने दिल्या जातात. एका महिन्याची अट मात्र पाळली जात नाही, आणि ती मोडली तर खलाशाच्या बायकोने कोणाकडे जायचे, हे त्या करारात कुठेही लिहिलेले नाही.

माझ्या मते खरी त्रुटी हीच आहे. हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे नौका व खलाशांच्या तातडीच्या सुटकेची मागणी नौका ज्या देशाच्या ध्वजाखाली चालते तो देशच करू शकतो, किंवा त्या देशाच्या वतीने कोणी करू शकतो. देश उभा राहिला तर काय घडते, याचा दाखला या न्यायाधिकरणाच्या पहिल्याच प्रकरणात मिळतो: ‘सायगा’ नावाच्या नौकेसाठीचा अर्ज 13 नोव्हेंबर 1997 रोजी दाखल झाला आणि 4 डिसेंबरला निकालही लागला. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत 2017 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तेव्हा दहा दिवसांत फाशीला अंतरिम स्थगिती मिळाली. आपल्या सरकारने तेव्हा जे केले ते योग्यच होते. म्हणजे या संस्थांना वेगाने काम करता येत नाही असे मुळीच नाही. अर्जदार सरकार नसेल तर ती यंत्रणा हलतच नाही, हे दुःख आहे.

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला एक ऐच्छिक पूरक करार जोडलेला आहे. तो मान्य केलेल्या देशाविरुद्ध, देशांतर्गत उपाय संपल्यावर, सामान्य माणसाला जिनिव्हाच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार करता येते. शंभराहून अधिक देशांनी तो स्वीकारला आहे. भारत 1979 पासून आणि पाकिस्तान 2010 पासून मूळ करारात असूनही, पूरक करारापासून दोघेही दूर आहेत. युरोप, अमेरिका व आफ्रिका या खंडांना स्वतःची मानवाधिकार न्यायालये आहेत, आशियाला नाही. युरोपात तर 1998 पासून व्यक्तीला थेट न्यायालयात जाता येते, त्यामुळे हा बदल अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

एक वाट मात्र आजही खुली आहे आणि ती आमच्या किनाऱ्यावर फारशी कोणाला ठाऊक नाही. मलाही ती अर्ज लिहायला लागून बऱ्याच वर्षांनी कळली. मनमानी अटकेबाबत संयुक्त राष्ट्रांचा पाच स्वतंत्र तज्ज्ञांचा कार्यगट 1991 पासून काम करतो. त्याच्याकडे कोणत्याही देशाविरुद्ध कुटुंबीय अर्ज करू शकतात आणि शिक्षा संपल्यावरही कोणाला डांबून ठेवणे हा त्याने ठरवलेल्या मनमानी अटकेच्या अगदी पहिल्याच प्रकारात मोडतो. आमच्या खलाशांची अवस्था याहून वेगळी नाही. तरीही कार्यगटाचे मत सरकारांवर बंधनकारक नसते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांमध्ये मराठी, गुजराती वा उर्दू नाही. अंगठा उठवणाऱ्या बाईने तिथवर जायचे कसे?

संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद 2006 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या 47 सदस्यांत भारत व पाकिस्तान दोघेही होते, आणि त्यानंतरही दोघे अनेकदा निवडून गेले. उमेदवार देश निवडणुकीआधी स्वेच्छेने आश्वासने देतात. त्याऐवजी, जो देश आपल्या ताब्यातील माणसांना व्यक्तिगत तक्रारीचा हक्क देत नाही त्याला या परिषदेवर निवडणुकीस उभेच राहता येऊ नये, असा नियम व्हावा, असे माझे मत आहे. अशा नियमाने अनेक बडे देश बाहेर पडतील, त्यांत आपणही असू, हे मला कळते. पण मग आपण पूरक करार स्वीकारावा. शिक्षा संपलेल्या कैद्यांचे अर्ज कोणत्याही भाषेत घ्यावेत, भाषांतराचा भार संस्थेने उचलावा आणि उत्तरासाठी सरकारांना मुदत बांधून द्यावी.

हे मागताना मला गुजरातच्या तुरुंगांतील पाकिस्तानी मच्छीमारही डोळ्यांसमोर दिसतात. त्यांच्याही घरी उचल फेडायची राहिलेली असेल. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती 2007 मध्ये नेमली गेली होती आणि ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत असे. 2013 पासून तिचे काम ठप्प आहे. जिनिव्हातील सुधारणांना वेळ लागेल, ही समिती पुन्हा बोलावण्यास लागू नये. पालघर, रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग येथील खासदारांनी ती कधी बोलावणार आणि पूरक करार स्वीकारण्यास सरकारची नेमकी कोणती हरकत आहे, हे दोन प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, डहाणू (जि. पालघर)