दहा टक्के 'तरी'

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

"आशा म्हणजे स्वतःची सभ्य फसवणूकच ना?" हा नोकरी शोधताना तुला पडलेला प्रश्न फोनवर निकालात काढण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसलो.

आधी शब्द सुटे करू. इच्छा अशक्याचीही असते. गेलेलं माणूस परत यावं अशी इच्छा होते, आशा होत नाही. अपेक्षेत 'होणारच' असा हिशेब असतो. उद्या सूर्य उगवेल अशी कुणी आशा करत बसत नाही. आशेची जागा या दोन टोकांच्या मध्ये. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तिला चार अटी घातल्या : जिची आशा धरायची ती गोष्ट चांगली, पुढे घडायची, मिळायला कठीण आणि तरीही शक्य हवी. 'कठीण' ही अट लोक हमखास विसरतात. हात लांबवला की मिळतं त्याची आशा कसली? 'पुढे घडायची' या अटीबाबत मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. पेपर लिहून झाला, तपासूनही झाला, फक्त निकाल कळायचाय, तरी आशा असतेच. ती गोष्ट घडून गेलेली असते, न ठरलेलं असतं ते आपल्या मनात. तत्त्वज्ञ स्पिनोझाने हे बरोबर हेरलं. १६७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या त्याच्या नीतिशास्त्रात आशेचा विषय भविष्यातला किंवा भूतकाळातला, कुठलाही असू शकतो. अट एकच, निकालाबद्दल शंका हवी. आणि शंका आली की भीती आलीच. निकालाच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो म्हणजे आशा कच्ची आहे, असं समजू नकोस.

आता तुझा खरा आक्षेप. एखादी गोष्ट हवी असणं आणि ती शक्य वाटणं, या दोहोंची बेरीज म्हणजे आशा, ही तत्त्वज्ञानातली रूढ व्याख्या. ती पुरत नाही. दोन उमेदवार घे. नोकरी दोघांनाही सारखीच हवी आहे, आणि शक्यता १० टक्के आहे हेही दोघांना मान्य आहे. एक म्हणतो, "दहा टक्केच आहे." दुसरा म्हणतो, "दहा टक्के तरी आहे." आकडा तोच, इच्छा तीच, पण आशा फक्त दुसऱ्याकडे. एड्रिएन मार्टिन या तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ साली मांडलेल्या विचाराचा गाभा मला असा समजतो : आशा धरणारा माणूस त्या शक्यतेला आपल्या बेतांत, कल्पनांत, तयारीत जागा देणं योग्य मानतो. शक्यता किती, हे पुराव्याने ठरतं. तिचं काय करायचं, हे आपण ठरवतो.

म्हणजे फसवणूक 'तरी' म्हणण्यात नाही. ती होते आकडा सरकवण्यात, दहाचे गुपचूप चाळीस करण्यात. ती पकडायची तर अर्ज पाठवायच्या आधीच शक्यतेचा अंदाज आकड्यात लिहून ठेवायचा, तारखेसह. मुलाखत छान झाली की मन आकडा वाढवतं, उत्तर लांबलं की पाडतं, आणि दोन्ही वेळा 'मला आधीपासूनच वाटत होतं' म्हणतं. कागद खोटं बोलत नाही.

मग हिशेब कर. प्रत्येक अर्जाला १० टक्के धरले, तर दहा अर्जांत एकही होकार न येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. दहा नकार येणं ही तीन वेळांत एकदा घडणारी साधी गोष्ट, त्यावरून स्वतःबद्दल निष्कर्ष काढायचा नाही. वीस अर्जांना हीच शक्यता सुमारे १२ टक्के होते, तीस अर्जांना जेमतेम ४. तिथे मात्र नशिबाला बोल लावण्याआधी मूळच्या दहा टक्क्यांवर संशय घ्यावा. एक मेख आहे. हा हिशेब अर्ज एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. तोच बायोडेटा, त्यातली तीच चूक तीस ठिकाणी गेली असेल, तर ते तीस प्रयत्न नव्हेत, एकच प्रयत्न तीसदा. आणि 'इतके नकार आले, आता तरी होकार येईलच' हा खोट्या आशेचा सगळ्यात सामान्य नमुना. दहा नकारांनी अकराव्याची शक्यता वाढत नाही.

आपल्याकडे आशेबद्दल दोन उलटे निकाल आहेत, दोन्ही तू ऐकले असशील. भागवताच्या अकराव्या स्कंधातली पिंगला ही वेश्या मध्यरात्रीपर्यंत गिऱ्हाइकाची वाट बघत दारात आत-बाहेर करते, शेवटी आशा सोडते आणि शांत झोपते. आशा हेच परम दुःख, नैराश्य हेच परम सुख. (तेव्हा 'नैराश्य' हा शब्द स्तुतीचा होता, बघ.) दुसरीकडे ते सुभाषित. आशा ही अजब बेडी आहे, तिने बांधलेले धावतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात. मला यात भांडण दिसत नाही. पिंगलेच्या आशेला तिच्या हातातली एकही वाट नव्हती, कुणीतरी येण्यावर सगळं टांगलेलं. अशी आशा सोडलेलीच बरी. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडरनेही आशेचे दोनच भाग मोजले, 'मी करीन' हा निर्धार आणि 'असंही करता येईल' ही वाट दिसणं. त्याच्या बारा विधानांच्या प्रश्नावलीत चार या भागाची, चार त्या भागाची, उरलेली चार नुसती भरतीची, त्यांचे गुण धरत नाहीत. निर्धार भरपूर आणि वाट एकच, अशा माणसाचं मोडणं सगळ्यात जोरात असतं.

म्हणून आशा नेमक्या वाक्यात लिही. 'सगळं नीट होईल' हे वाक्य तपासताच येत नाही, त्यामुळे ते चुकतही नाही आणि उपयोगीही पडत नाही. वाक्याखाली निदान तीन वाटा लिही, एक बंद झाली तरी दुसरी उघडी राहील अशा. आणि काय घडलं तर ही आशा बदलायची, तेही आत्ताच लिही, कारण नकाराच्या दिवशी ते ठरवणारं माणूस वेगळंच असतं. बदलायची म्हणजे टाकायची असं नाही. असाध्य आजारात बरं होण्याची आशा संपते, तेव्हा वेदना कमी राहण्याची, कुणाला तरी भेटण्याची आशा तिची जागा घेते आणि ती तितकीच खरी असते.

दहाव्या नकारापर्यंत मला काही कळवलं नाहीस तरी चालेल. तिसावा आला तर मात्र बायोडेटा पाठव, लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
बाबा