30 जूनची दुपार: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

ताडोबाच्या मोहर्ली बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये मी हाउसकीपिंगला आहे. नऊ हंगाम झाले. ‘आहे’ म्हणते खरी, पण हे लिहितेय ऑगस्टात, म्हणजे आज मी तिथं नाही. 1 जुलैला कोअरचे, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचे, गेट बंद होतात ते 30 सप्टेंबरपर्यंत. बफरचे, म्हणजे त्याभोवतीच्या पट्ट्याचे, काही गेट पावसातही चालतात, त्यासाठी चार माणसं ठेवून घेतात. बाकीचे घरी. या तीन महिन्यांत रिसॉर्टशी माझं नातं एवढंच, की मॅनेजरच्या मोबाइलमध्ये माझा नंबर आहे.

30 जूनची दुपार तुम्ही पाहिली नसेल. शेवटची जिप्सी परत आली की आम्ही गाद्या भिंतीला उभ्या करतो, प्लास्टिक गुंडाळतो, कपाटात डांबरगोळ्या टाकतो. तरी बुरशी यायची ती येतेच. मग युनिफॉर्म धुऊन, मोजून परत द्यायचा. टिपचा डबा उघडून वाटणी होते. “सप्टेंबरात फोन करतो,” म्हणतात. एका वर्षी फोन आलाच नाही. मीच जाऊन उभी राहिले, तेव्हा माझ्या खोल्या दुसऱ्या पोरीकडे गेलेल्या होत्या.

मग पावसाळ्यात करतो काय? धानाची रोवणी. गुत्त्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, घेतलेलं असतं, म्हणून अंधार पडेपर्यंत वाकून परे (रोपं) लावायचे. ती संपली की निंदण. पायांच्या बोटांत चिखल्या होतात आणि त्या ऑक्टोबरात बुटात दुखतात, कारण पाहुण्यांसमोर चप्पल चालत नाही. पुरुषमंडळी नागपूरला डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेतात, नाहीतर कुठं वॉचमन होतात. काहीजणी सात्या (रानातल्या अळंब्या) आणि वास्ते (बांबूचे कोंब) आणायला जंगलाच्या कडेनं जातात. आमच्या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसं जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. जो वाघ दिसावा म्हणून पाहुणे पहाटे चारला उठतात, तो दिसू नये म्हणून आम्ही मोठमोठ्यानं बोलत चालतो.

उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचं काम आहे ना, असं कुणी म्हणेल. एप्रिल-मे म्हणजे रिसॉर्टचा भर हंगाम. तेव्हा मी पाहुण्यांच्या पलंगावर ठेवायला टॉवेल दुमडून हत्ती करत असते. (घरी पोरगा गमछा घेऊन मागे लागतो, मला पण हत्ती करून दे. गमछ्याचा होत नाही, पातळ पडतो.)

गेट बंद ठेवण्याबद्दल तक्रार नाही. रस्ते चिखलात जातात आणि जंगलालाही निवांतपणा हवा. पण बंदी सरकारची आहे, म्हणून प्रश्न सरकारलाच विचारते. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तिथल्या गरीब मच्छीमारांसाठी बचत-नि-मदत योजना आहे: त्यानं 1500 रुपये साठवायचे, सरकारनं 3000 घालायचे आणि बंदीच्या काळात 4500 त्याच्या हाती यायचे. रक्कम फार नाही, पण समुद्र बंद केला तर कोळ्याची चूल कशी पेटेल, हे कुणीतरी विचारात घेतलं. साखर कारखान्याच्या हंगामी कामगाराला बिगरहंगामात रिटेन्शन भत्ता, म्हणजे काम बंद असतानाही पगाराचा काही भाग, असतो. जंगल बंद करताना असा विचार झाल्याचं मला तरी दिसलं नाही.

याचं कारण मला साधं वाटतं. गाइड आणि जिप्सीवाल्यांची वनखात्याकडे नोंद आहे. पलंग घालणारी, भांडी घासणारा, बागेला पाणी देणारा कोणत्याच यादीत नाही. माझा भाचा वकिलीचं शिकतो. त्यानं सांगितलं की हंगामी आस्थापनेत दर हंगामाला 7 दिवसांचा पगार धरून ग्रॅच्युइटी निघते आणि चालू दिवसांपैकी 75 टक्के दिवस भरले तर तो हंगाम सलग सेवेत मोजतात. मी हिशेब करायला बसले आणि तिथंच अडले. मी 1 ऑक्टोबरला लागले, 30 जूनला सुटले, असं सांगणारा एकही कागद माझ्याकडे नाही. दर ऑक्टोबरला मी नवीनच असते.

म्हणून भत्त्याच्या आधी कागद मागते. व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या प्रत्येक रिसॉर्टनं हंगामाच्या सुरुवातीला नेमणूकपत्र आणि शेवटी किती दिवस भरले त्याचा दाखला द्यावा, ही अट पर्यटन विभागानं घालावी. कामगार विभागाला सोबत घ्या. त्या यादीवरून मच्छीमारांसारखी बचत योजना काढा. आमचे 1500 आम्ही टिपमधून घालू. आणि प्रशिक्षण द्यायचं असेल तर रोवणी आटोपल्यावर, मोहर्लीतच द्या. मागे एकदा शहरात ठेवलं होतं, जाण्यायेण्यातच रोजी बुडाली.

आमच्या गावात रेंज फक्त शाळेच्या पायरीवर येते. 20 सप्टेंबरनंतर संध्याकाळी आम्ही सहा-सातजणी तिथं मोबाइल घेऊन बसलेल्या असतो. कुणाचा वाजला की आधी सगळ्या आपापला बघतात.

आपली,
एक हाउसकीपिंग कामगार
मोहर्ली परिसर, जि. चंद्रपूर