तुझं सर्विस बुक तूच सांभाळ

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद. कशी शे?

आखाजी तोंडावर आली, माहेरी येणाऱ्या पोरींनी एसट्या भरून चालल्यात, शेजारच्या काकूंच्या निंबाला झोका पण बांधून झाला, आणि मी इथे अमळनेरला फॅनखाली बसून तुझा तो भला मोठा मेसेज तिसऱ्यांदा वाचून राहिली. अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव फौजेत, नर्स ऑफिसर व्हायचं म्हणतेस. पप्पा दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले दुसऱ्या देशाच्या फौजेत कशाला, तर मी म्हटलं ती आता तिथली नागरिक झालीय, पेशंट सगळीकडे सारखाच. तो विषय तिथेच संपला, किमान माझ्यापुरता.

मला बोलायचंय ते सर्विसबद्दल. तुला माहितीये मी रिटायर झाले तेव्हा परिसेविका, म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. अधिसेविका, म्हणजे मेट्रन व्हायला हवी होते, पण झाले नाही, आणि त्याचं कारण कामात नव्हतं, कागदात होतं. मी लागले तेव्हा एकशेवीस दिवसांची ऑर्डर मिळायची, ती संपली की एक दिवस घरी बसायचं आणि परत नवी ऑर्डर. त्या एका दिवसाला ते तांत्रिक खंड म्हणायचे. असे पावणेचार वर्षं चाललं. वॉर्ड तोच, नाइट ड्युट्या त्याच, पेशंटला काय माहीत की सिस्टर आज खंडात आहे! पुढे बारा वर्षं झाल्यावर मिळणारा बढतीच्या पगाराचा पहिला लाभ द्यायची वेळ आली तर क्लार्कने मोजणी सुरू केली कायम झाल्याच्या तारखेपासून. माझ्यानंतर आलेल्या दोघी ज्येष्ठता यादीत माझ्या वर. सर्विस बुकात त्या पानावर लाल शाईने लिहिलंय, अजून आहे ते पान. खान्देशात जन्मून नशिबात पण खंडच, असं पप्पा चिडवतात.

म्हणून तू पाठवलेले सगळे नियम मी चष्मा लावून वाचले, वहीत उतरवून घेतले, आणि माझ्या डोक्यात जे बसलं ते सांगते, कारण तू ड्युटीच्या घाईत वाचलेलं दिसतंय. तुमच्याकडे दोन वेगळी खाती आहेत. एक बढतीचं, एक पेन्शनचं. तुझा सहा वर्षांचा आयसीयूचा अनुभव ते भरती होताना धरतात, पण साधारण निम्माच धरतात आणि त्यालाही मर्यादा आहे. आणि हे क्रेडिट फक्त तू कुठल्या रँकवर घुसणार आणि पुढच्या बढतीसाठी किती जुनी धरणार एवढ्यालाच. पगाराची वर्षं किंवा पेन्शन यात त्याचा एक दिवस मिळत नाही. तू लिहिलंयस की "तीन वर्षं तर आधीच जमा आहेत", तर बाई, ती पेन्शनला जमा नाहीत. मलाही असंच कोणीतरी तोंडी सांगितलं होतं की खंड मोजला जाईल.

पेन्शनचं खातं पॉइंटवर चालतं. महिन्यातून एक वीकेंड म्हणजे चार ड्रिल, ड्युटीच्या चार हजेऱ्या म्हण, त्याचे चार पॉइंट, वर्षाचे अठ्ठेचाळीस. वर्षातून दोन आठवडे ट्रेनिंग, चौदा. आणि नुसतं मेंबर असल्याचे पंधरा. झाले ७७. वर्षाला ५० झाले तर ते वर्ष "गुड इयर", एकोणपन्नास झाले तर नाही, आणि अशी वीस वर्षं भरली तरच पेन्शन, तीपण एरवी साठाव्या वर्षापासून. २८ जानेवारी २००८ नंतर प्रत्यक्ष ड्युटीवर बोलावलं तर दर नव्वद दिवसांमागे तीन महिने आधी मिळते, पण पन्नासच्या आत नाही, आणि नव्वद दिवस कुठल्या मुदतीत भरायला हवेत त्याचाही नियम आहे तो नीट बघ.

आता गंमत बघ. वीस वर्षं गुणिले ७७ म्हणजे १,५४०. त्याला ३६० ने भागायचं, कारण ३६० पॉइंटचं एक वर्ष धरतात, येतात सव्वाचार वर्षं. वीस वर्षांची सव्वाचार! २०१८ पासून भरती होणाऱ्यांना वर्षाला दोन टक्के, म्हणजे बेसिकच्या साधारण साडेआठ टक्के. मी दोनदा गणित केलं, पप्पांकडून तपासून घेतलं. पेन्शनसाठी जात असशील तर हा आकडा आधी बघ. सोबत बचत खात्यात सरकारही पाच टक्क्यांपर्यंत टाकतं, ते चांगलंय, ते सोडू नको.

आणि ते वर्ष जानेवारीला सुरू होत नाही बरं का, तुझ्या स्वतःच्या तारखेला सुरू होतं. पन्नास पॉइंट त्या तारखेच्या आत. बाळंतपण, आजारपण, हॉस्पिटलची बदली, काहीही असो, ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेव. वर्षातून एकदा डीए फॉर्म ५०१६ काढ, त्यात सगळे पॉइंट वर्षवार असतात, आणि स्वतःच्या हाताने ठेवलेल्या हिशोबाशी ताडून बघ. ड्रिलचा प्रत्येक कागद फाइलला लाव, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय म्हणू नको, मोबाइल पाण्यात पडतात.

बढतीत पण डोळे उघडे ठेव. फर्स्ट लेफ्टनंटहून वर जायला डिग्री लागते, तुझं बीएस्सी नर्सिंग इथलं आहे, त्याची तिकडे मान्यता आधीच लेखी घेऊन ठेव. कॅप्टनच्या बढतीला त्यांच्या निवड बोर्डाने दोनदा नाकारलं तर घरी पाठवतात. आमच्या यादीत निदान कोणी घरी तरी पाठवत नव्हतं.

एक वाचून मात्र मी हसत सुटले. सेकंड लेफ्टनंटला खांद्यावर सोनेरी पट्टी आणि त्याच्या वरच्याला चांदीची! जळगावच्या सराफाला सांगितलं तर दुकान बंद करेल. त्यांच्या नर्स कोअरची सुरुवात १९०१ ची, पण नर्सेसना कायमचं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं १९४७ मध्ये, आणि पहिली नर्स जनरल झाली १९७० ला, ॲना मे हेज. आपल्याकडे माझी हॉस्टेलची रूममेट मिलिटरी नर्सिंगमध्ये गेली होती, सुटीवर आली तेव्हा धुळ्याच्या स्टँडवर खांद्यावर दोन स्टार लावून उतरली, आणि मी हातात भाजीची पिशवी घेऊन तिच्याकडे बघतच राहिले. तेव्हा वाटलं होतं मी का नाही गेले. तुझ्या आजोबांना विचारायची हिंमत झाली नाही, एवढंच.

म्हणून तू जा. मी नाही म्हणत नाहीये.

शपथ कधी घेणार ती तारीख ठरली की आधी मला कळव, पप्पांना नंतर. माझ्या सर्विस बुकाच्या झेरॉक्सला मागे एक कोरं पान आहे, त्यावर लिहून ठेवते, दरवर्षी त्याच्या महिनाभर आधी फोन करून विचारेन पन्नास झाले का म्हणून, वैतागू नको. मांडे काकूंकडे सांगितलेत, माझ्याच्याने आता खापर होत नाही. तुझ्या वाटचे पप्पा खाणार आहेत.

तुझी,
आई