कंदांचा पावसाळा

पुणे,
१४ मे

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. येथून नेलेले आणि घरात असलेले सगळे कंद मृगाच्या आत लावून मोकळे व्हावे असे वहिनींचे म्हणणे आहे, तुला ते पटत नाही पण का पटत नाही हे सांगता येत नाही, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. वहिनींचा राग ओढवून घेण्याची तयारी ठेवून लिहितो की त्या कंदांत चार वेगळ्या स्वभावांची मंडळी एकत्र बसली आहेत. निशिगंध आणि लिली यांना आता माती हवी आहे, ग्लॅडिओलसला पाऊस सरेपर्यंत ती मुळीच नको आहे, आणि तुझ्या लेकीने गेल्या दिवाळीत हॉलंडहून आणलेल्या ट्यूलिपचा प्रश्नच निराळा आहे.

ट्यूलिपच्या वेष्टनावरील सूचना वाचून तुझा गोंधळ झालेला दिसतो. त्या सूचना चुकीच्या नाहीत, त्या तिकडच्या जमिनीसाठी लिहिल्या आहेत. तेथे शरद ऋतूत कंद लावतात, वर पालापाचोळ्याचे जाड पांघरूण घालतात आणि हिवाळाभर गोठणाऱ्या मातीपासून त्यांना जपतात. कोकणातल्या तुझ्या देवरुखला गोठण्याची भीती कशाची? आपल्याकडे जपायचे ते पाण्यापासून. विश्रांतीच्या काळात बऱ्याच कंदांची जुनी मुळे वाळून गेलेली असतात, त्यामुळे पाणी ओढून घेणारे जमिनीत कोणीच नसते. अशा वेळी भोवतालची माती आठवडेच्या आठवडे ओली राहिली की तिच्यातील हवा संपते आणि बुरशी कंदात शिरते. तुमच्या बाजूला पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या पुण्यात त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. त्यामुळे मी येथे जे बिनधास्त करतो ते तू तेथे तसेच करावेस असे मी सांगणार नाही.

आधी ग्लॅडिओलसचे पाहू, कारण वहिनींच्या उत्साहाचा सर्वांत मोठा धोका त्यालाच आहे. मी ते कंद मार्चमध्ये, पाने पिवळी पडू लागल्यावर, खणून काढले होते. एखादा हातात घेऊन पाहिलास तर एकावर एक असे दोन कंद दिसतील. खालचा काळपट, सुरकुतलेला, तो गेल्या हंगामात लावलेला. त्याने आपले सगळे अन्न संपवले आहे. वरचा टपोरा, तपकिरी धागेदार सालीचा, तो नवा. आणि दोहोंच्या सांध्याशी हरभऱ्याएवढी बारीक पिल्ले चिकटलेली असतात. नव्या कंदाला फुलण्यापूर्वी सुमारे तीन महिन्यांची झोप लागते आणि ती पुरी होण्याआधी लावला तर तो नुसता जमिनीत पडून राहतो. कोकणातल्या आषाढात पडून राहणे म्हणजे काय, हे तुला वेगळे सांगायला नको.

तेव्हा त्याला आता मातीबाहेर सुकत ठेव. खालचा जुना कंद अंगठ्याने दाबून मोडून टाक, तो सहज सुटतो. नव्या कंदाची साल मात्र सोलू नकोस, ती त्याचे कवच आहे. सालीखाली तपकिरी, किंचित खोलगट डाग दिसला किंवा बोटाने दाबल्यावर जागा मऊ लागली तर तो कंद निर्दयपणे टाकून दे. ती फ्युझारियम बुरशी असते आणि एका कंदावरून साऱ्या पेटीत पसरते. उरलेले कंद कॅप्टन किंवा कार्बेन्डाझिम यांपैकी एका बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला २ ग्रॅम या हिशेबाने, अर्धा तास बुडवून सावलीत पूर्ण कोरडे कर. हे काम हातमोजे घालूनच करायचे आणि बादली पुन्हा घरकामात वापरायची नाही.

साठवणीचे तत्त्व नाशिककडच्या कांदाचाळीचेच आहे: खालून हवा, वरून आडोसा, आणि थर पातळ. प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे सर्वांत वाईट जागा, कारण आत घाम धरतो. फळांचा लाकडी खोका, तळाशी जाळी, त्यावर एकच थर, आणि खोका खुंटीला टांगलेला, एवढे पुरे. टांगायचे अशासाठी की उंदीर-घुशींना ग्लॅडिओलसचे कंद फार आवडतात. चुलीवरच्या माळ्यावर बियाणे ठेवण्याची तुमच्याकडची पद्धत काकडी-भोपळ्याला उत्तम आहे, पण कंद तेथे चिपाडासारखे वाळतात. दर पंधरवड्याला खोका उतरवून कंद चाचपून पाहावेत. व्यापारी लोक हे कंद शीतगृहात ४ ते ५ अंश तापमानाला ठेवतात. तुझ्याकडे शीतपेटीच्या भाजीच्या कप्प्यात जागा असेल तर जूनपासून कागदी पिशवीत घालून तेथे ठेव. थंडीने झोप व्यवस्थित पुरी होते आणि सालीत दडलेल्या फुलकिड्यांची वाढही थांबते. त्या कप्प्यात सफरचंदे आणि केळी ठेवू नयेत असे वहिनींना सांग, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदांना मानवत नाही.

लागवड ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस नक्की गेला अशी खात्री पटल्यावर कर. आधी वाफा भिजवायचा, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की ७ ते १० सेंटिमीटर खोल आणि १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर कंद ठेवायचे, आणि कोंब वर येईपर्यंत पाण्याचा हात आखडता ठेवायचा. चार पाने झाली की मातीची भर द्यावी व काठीचा आधार लावावा, कारण दांडा फुलांनी जड होऊन कलतो. दोन-तीन महिन्यांत फुले येतील. दांडा कापताना खाली निदान चार पाने राखली पाहिजेत, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्या पानांच्याच कमाईवर भरतो. फुले संपल्यावर बाग नीटनेटकी दिसावी म्हणून हिरवी पाने छाटणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि तेच लोक पुढच्या वर्षी कंद देणाऱ्याला बोल लावतात.

निशिगंधाचे गणित याच्या उलट आहे. त्याची विश्रांती हिवाळ्यात होऊन गेली, आता तो कोंब काढायच्या तयारीत आहे आणि आपल्याकडे त्याची लागवड एप्रिल-मे महिन्यांतच करतात. ज्या कंदाने एकदा फुलांचा दांडा दिला तो पुन्हा देत नाही, फुलतात ती त्याची पिल्ले; म्हणून गड्ड्यातून २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे, चातीच्या आकाराचे, म्हणजे मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते, कंद वेगळे काढून तेवढेच दर्शनी कुंड्यांत लाव आणि बारीक पिल्ले मागच्या बाजूला वाढत ठेव. जमिनीत लावायचेच असेल तर हातभर उंच गादीवाफा कर, पण पहिल्या वर्षी मी मोठ्या कुंड्यांचाच आग्रह धरीन, म्हणजे पावसाची झड लागली की त्या पडवीत ओढून घेता येतील. तुझ्या जांभ्याच्या मातीत एक तृतीयांश वाळू आणि तेवढेच पूर्ण कुजलेले शेणखत मिसळ. ताजे शेण नको, त्याने कंद सडतो. वाळू नदीची हवी. गणपतीपुळ्याला गेलास म्हणून तेथली भरून आणशील, तर तिच्यातील मीठ मुळांना भोवेल. आमच्या मार्केट यार्डात गुलछडी म्हणून विकतात ती एकेरी पाकळ्यांची, हाराची जात आहे आणि मी तुला तीच दिली आहे. दुहेरी फुलदाणीत शोभते, पण वासाला एकेरीची सर नाही, हे माझे मत तू पूर्वग्रह म्हणून सोडून दिलेस तरी चालेल.

अमरिलिस लिलीच्या कंदाची मान मातीच्या वर राहिली पाहिजे, एक तृतीयांश कंद उघडाच असावा. पुरला की मानेत पाणी साठते आणि वरून निरोगी दिसणारा कंद आतून जातो. तिचा दुसरा शत्रू पावसाच्या सुरुवातीला येतो. पानाच्या टोकाशी पांढरट, पापुद्र्यासारखी पातळ झालेली जागा दिसली तर पान उलटून पाहा: काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेल्या अळ्या एका रांगेत लागलेल्या असतात, आणि सोडल्या तर दोन-तीन रात्रींत सगळे पान फस्त करतात. ही लिलीच्या पतंगाची अळी असून कळलावीवरही ती येते. घरच्या बागेत फवारणीची गरज पडत नाही. संध्याकाळी कंदील घेऊन चिमट्याने वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. ऑक्टोबरनंतर लिलीचे पाणी तोडत जा आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू कर. आणखी एक महत्त्वाचे म्हणजे लिलीचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो व तो विषारी आहे. खाल्ल्यास उलट्या होतात. नातवंडे सुट्टीला येणार आहेत, तेव्हा कंदांचा खोका कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ ठेवू नकोस.

ट्यूलिपविषयी थोडक्यात लिहितो. त्याला ९ अंशांखाली १२ ते १४ आठवड्यांची थंडी मिळाल्याशिवाय फूल येत नाही. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी त्याचे वाफे मार्चअखेरीस फुलतात कारण तेथला हिवाळा ते काम फुकट करतो. दिवाळीपासून कपाटात पडलेले तुझे कंद आता वजनाला हलके लागत असतील. तसे असेल तर ते संपले. लेकीला कळवू नकोस, पुढच्या खेपेला चीज आणायला सांग.

विहिरीजवळच्या मे फ्लॉवरला हात लावू नकोस. तो आता लाल चेंडू धरून उभा असेल, पावसाळाभर पाने ठेवील आणि हिवाळ्यात आपोआप नाहीसा होईल. त्याला हलवलेले आवडत नाही आणि उतारावर असल्यामुळे त्याच्या पायाशी पाणीही थांबत नाही. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, दीपकाडीचे कंद आणून बागेत लावण्याचा जो विचार तू शेवटी लिहिला आहेस तो मात्र सोडून दे. ती कोकण-गोव्याच्या सड्यांखेरीज कोठे उगवत नाही, कातळावरच्या बोटभर मातीत तिचे जगणे बसलेले आहे. जूनमध्ये पांढरी फुले आली की तेथेच जाऊन पाहू.

राहिला साळिंदराचा प्रश्न. रात्री येऊन तो कंद उकरतो आणि साध्या काट्यांच्या कुंपणाला जुमानत नाही. वाफ्याच्या कडेने तारेची जाळी निदान वीतभर जमिनीत पुरून वर गुडघ्याएवढी उभी करावी लागेल. जाळी ऑक्टोबरच्या लागवडीआधी हवी, म्हणून गडी आताच सांगून ठेव, भातकापणी सुरू झाली की तुला माणूस मिळणार नाही. मी दसऱ्यानंतर येण्याचे ठरवतो आहे. येताना ग्लॅडिओलसचे आणखी काही कंद आणि काठ्यांना बांधायला सुतळी आणीन. वाफ्याची जागा तोवर निवडून, फूटभर खड्डा करून त्यात पाणी ओतून पाहा, तासाभरात ते मुरले नाही तर दुसरी जागा शोध आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव