मुदत कशाला घालायची?
संरक्षण संशोधनाच्या प्रत्येक प्रकल्पाला तीन वर्षांची मुदत घालावी, असे सुचवणारा आपला अग्रलेख वाचला. क्षेपणास्त्र बांधायला मुदत जरूर घालावी; मूलभूत संशोधनाला ती कशी घालणार? १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या भौतिकशास्त्रज्ञांनी तांब्याच्या ठोकळ्यात सहा पोकळ्या कोरून मॅग्नेट्रॉन, म्हणजे आखूड रेडिओ लहरी निर्माण करणारी नळी, बनवला. ठोकळा तळहातावर मावेल एवढा! त्यातून सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या जोरकस रेडिओ लहरी निघाल्या आणि पृष्ठभागावर आलेली पाणबुडी विमानातून अधिक नेमकेपणाने टिपणारे रडार शक्य झाले. रँडल यांना पोकळीची कल्पना सुचली ती शास्त्रज्ञ हर्ट्झ यांच्या, रेडिओ लहरी टिपणाऱ्या तारेच्या कड्यावरून. हर्ट्झ यांचे ते प्रयोग १८८० च्या दशकातले, कोणत्याही सैन्यासाठी न केलेले. तेव्हा निधीचा काही हिस्सा तरी अशा बिनमुदतीच्या कामासाठी विद्यापीठांकडे जावा.
— एक वाचक