लॅपटॉप उघडत नाही म्हणून फॉरमॅट मारू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं: लॅपटॉपचा पासवर्ड विसरलास आणि तो दुरुस्तीच्या दुकानात दाखवलास. दुकानदाराला आधी थांबव. "पासवर्ड विसरलात ना, मग फॉरमॅट मारावा लागेल" असं तो म्हणतो, कारण त्याच्यासाठी ते सगळ्यात सोपं काम आहे. पण त्यात तुझा टॅलीतला सोसायटीचा हिशेब आणि काकूंचे फोटो जातील, आणि ते जाण्याची बहुधा काहीच गरज नाही.

लॅपटॉपला दोन कुलपं असतात हे ध्यानात घे. एक विंडोजच्या दाराला, म्हणजे पिन किंवा पासवर्ड. दुसरं खुद्द डिस्कला, म्हणजे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ न देणारी विंडोजची सोय). पहिलं उघडायला काही ना काही मार्ग निघतो. दुसऱ्याची किल्ली हाताशी नसेल तर दुकानदार, कंपनी, मी, कुणाचंच काही चालत नाही. म्हणून ती किल्ली कुठे आहे हे कळेपर्यंत बायोसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग्जना कुणालाही हात लावू देऊ नकोस. नुसतं त्यातलं सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं तरी पुढच्या वेळी निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते.

आता मुळात पासवर्ड खरंच चुकतोय का, ते बघ. चौकटीत टाइप केल्यावर उजवीकडे डोळ्याचं चिन्ह येतं, ते दाबून धरलं की आपण काय टाइप केलंय ते दिसतं. कॅप्स लॉक बघ. काही जुन्या लॅपटॉपांवर वेगळं नंबरपॅड नसतं. तिथे नम लॉक चालू राहिलं की यू, आय, ओ या कळांवर ४, ५, ६ उमटतात. स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात भाषा दिसते. तिथे मराठी असेल तर विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर आण. इंग्रजीतही ब्रिटिश लेआउट निवडला गेला असेल तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲटच्या जागी अवतरणचिन्ह येतं. तुझ्या पासवर्डात ॲट असणारच, बहुतेकांच्या असतो. डोळ्याच्या चिन्हाने हे लगेच कळेल.

अंदाजाने मात्र पासवर्ड मारत बसू नकोस. विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या मशीनवर दहा वेळा चुकलं की लोकल अकाउंट दहा मिनिटं बंद होतं. पिन सारखा चुकला की ए१बी२सी३ टाइप करायला सांगतात. त्याचा अर्थ मशीन बिघडलं असा नाही. कळा चुकून दाबल्या जात नाहीत ना, एवढंच ते तपासतं. तरीही चुकत राहिलं तर रीस्टार्ट करायला लावतं.

यापुढचं सगळं अकाउंट कुठल्या प्रकारचं आहे यावर ठरतं, आणि दुकानात नेमकं हेच कुणी विचारत नाही. मुद्दाम एकदा चुकीचा पासवर्ड दे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड वापरताय ना, अशा अर्थाचा संदेश आला किंवा खाली "आय फरगॉट माय पासवर्ड" दिसलं, तर अकाउंट मायक्रोसॉफ्टचं, ईमेलशी जोडलेलं. नुसतं "रीसेट पासवर्ड" दिसलं तर अकाउंट लोकल, म्हणजे त्याच मशीनपुरतं. आणि ऑफिसने दिलेला लॅपटॉप असता तर मी एवढंच सांगितलं असतं, की तुमच्या आयटीवाल्याला फोन कर.

फक्त पिन विसरला असशील तर काम हलकं आहे. पिन त्या एका मशीनपुरता असतो, अकाउंटचा पासवर्ड वेगळा. "साइन-इन ऑप्शन्स"वर किल्लीचं चिन्ह दिसलं तर तिथे पासवर्ड देऊन थेट आत जाता येतं. ते चिन्हच नसेल तर फक्त विंडोज हॅलो (पिन, बोट किंवा चेहरा) चालेल अशी सेटिंग चालू आहे. मग "आय फरगॉट माय पिन" घे, अकाउंटचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला कोड दे, नवा पिन ठेव. फाइलींना धक्का लागत नाही. यासाठी इंटरनेट लागतं, आणि ते लॉक स्क्रीनवरच कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावरून जोडता येतं. ब्राउझरमध्ये लॉगिन मागणारं वायफाय इथे उपयोगाचं नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट लाव.

मायक्रोसॉफ्टचा पासवर्डच आठवत नसेल तर तो लॅपटॉपवर नाही, फोनवर बदलायचा. अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम स्लॅश पासवर्ड स्लॅश रीसेट इथे जा, ईमेल दे, कोड कुठे हवा ते निवड. नंबर अर्धवट झाकलेला दिसतो आणि शेवटचे चार आकडे विचारले जातात. बदलून झालं की लॅपटॉप इंटरनेटला जोडूनच नवा पासवर्ड टाक. नेट नसेल तर मशीनला बदल कळलेलाच नसतो, ते जुनाच मागतं. बरेच जण इथे अडकतात आणि "बदलला तरी घेत नाही" म्हणून पुन्हा पुन्हा बदलत बसतात.

तो मोबाइल नंबर तुझ्याच नावावर असून सिम हरवलं असेल तर डुप्लिकेट सिम काढ. पण आपल्याकडे सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवतात, तेव्हा कोड लगेच येणार नाही. नंबर कायमचा गेला असेल तर रिकव्हरी फॉर्म राहतो: अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम स्लॅश एसीएसआर. तो घरून, नेहमीच्या वायफायवर, नेहमीच्या फोनवरून भर. जुने पासवर्ड, पाठवलेल्या मेलचे विषय, कुणाला मेल जायचे असं विचारतात. आठवेल ते सगळं लिही. उत्तर साधारण २४ तासांत येतं, नाकारलं तर दिवसातून दोनदा पुन्हा भरता येतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डाबरोबर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू असेल तर मात्र हा फॉर्म चालत नाही. आणि जुनी संपर्कमाहिती काढून पूर्ण नवी घातलीस तर ३० दिवस थांबावं लागतं. त्याला पर्याय नाही. कुणी पैसे घेऊन "लवकर करून देतो" म्हणालं तर तो फसवतोय.

लोकल अकाउंट असेल तर "रीसेट पासवर्ड" दाबल्यावर तीन प्रश्न येतात: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्माचं गाव, लहानपणीचं लाडाचं नाव, अशा धर्तीचे. उत्तरं तू रोमन लिपीत लिहिली असणार, म्हणून गावाच्या नावाची सगळी स्पेलिंगं कागदावर लिहून एकेक वापरून बघ. व्हीने की डब्ल्यूने, शेवटी एक ए की दोन, इथेच गाडी अडते. कधी काळी पासवर्ड रीसेट डिस्क बनवली असेल तर त्या पेनड्राइव्हवर यूजरकी नावाची फाइल सापडेल. नंतर कितीही वेळा पासवर्ड बदलला असला तरी ती चालते.

त्याच लॅपटॉपवर वहिनींचं वेगळं अकाउंट आहे ना? ते ॲडमिनिस्ट्रेटर (मशीनचे पूर्ण अधिकार असलेलं) असेल तर त्यांच्या लॉगिनमधून कंट्रोल पॅनेल, युजर अकाउंट्स, मॅनेज अनदर अकाउंट असं जाऊन तुझ्या लोकल अकाउंटचा पासवर्ड बदलता येतो. फाइली जागच्या जागी राहतात. पण असा बाहेरून पासवर्ड बदलला की विंडोजने तुझ्या जुन्या पासवर्डाच्या आधाराने झाकून ठेवलेल्या गोष्टी उघडत नाहीत: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोजची पासवर्डांची तिजोरी), कुणी फाइलवर वेगळं एन्क्रिप्शन लावलं असेल तर ती फाइल. जुना पासवर्ड पुढे कधी आठवला, तर तोच पुन्हा लाव, ते सगळं परत येतं. दुकानातली मंडळी पेनड्राइव्हवरचं टूल लावून पासवर्ड ब्लँक करतात, त्याचेही परिणाम हेच. शिवाय ते टूल फक्त लोकल अकाउंटवर आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तरच चालतं.

आता डिस्कचं कुलूप. एन्क्रिप्शन मी कधी चालूच केलं नाही, असं तू म्हणशील. बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिलं साइन-इन केलं की ते आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये साठते. फोनवरून एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी उघड. एकाहून जास्त की दिसल्या तर निळ्या स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य ती निवड. प्रत्यक्ष की म्हणजे सहा-सहा आकड्यांचे आठ गट. लॅपटॉप पहिल्यांदा चिरंजीवांच्या ईमेलने सुरू केला असेल तर की त्यांच्या अकाउंटमध्ये असेल, तिथेही बघायला सांग.

वरचं काहीच जमलं नाही, तर फॉरमॅटच्या आधी डेटा बाहेर काढायचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस हे टूल वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टिम, चढव (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, जुना घे). लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची कळ दाब: डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, एसुसला एस्केप. सिक्युअर बूट चालू असलं तरी मिंट चालतं, ते बंद करायला जाऊ नकोस. मिंट सुरू झालं की इन्स्टॉलला हात न लावता फाइल्समध्ये विंडोजची डिस्क उघड. पासफ्रेज मागितली तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, तिथे ती ४८ आकडी की लागेल. "रीड-ओन्ली" असं दिसलं तर घाबरू नकोस; विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं म्हणून तसं होतं, आणि आपल्याला कॉपीच करायचंय. युजर्स फोल्डरमधलं तुझ्या नावाचं अख्खं फोल्डर एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घे. टॅली तिथे बहुधा सापडणार नाही. तिचा डेटा सहसा युजर्सच्याच आत पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा असा असतो आणि कंपनीच्या फोल्डरचं नाव नुसता आकडा असतं. "डॉक्युमेंट्स घेतले, झालं" म्हणणाऱ्यांचे हिशेब इथेच बुडतात.

कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री झाली, मगच रीसेट. लॉक स्क्रीनवर पॉवरचं चिन्ह, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, रीसेट धिस पीसी. इथे "कीप माय फाइल्स" घेऊन उपयोग नाही, कारण अकाउंट तसंच राहतं आणि विसरलेला पासवर्डही. "रिमूव्ह एव्हरीथिंग" घ्यावं लागतं. त्यानंतर विंडोज पुन्हा विकत घ्यायची गरज नाही. मूळचं ॲक्टिव्हेटेड असेल तर डिजिटल लायसन्स त्या मशीनशी जोडलेलं असतं, तीच एडिशन (होम किंवा प्रो) बसली की नेट मिळाल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. होमच्या मशीनवर दुकानदाराला क्रॅक केलेलं प्रो टाकू देऊ नकोस.

गूगलवर मायक्रोसॉफ्टचा हेल्पलाइन नंबर शोधून तिथे फोन करू नकोस. तिथे बनावट नंबर पुष्कळ फिरतात. पलीकडचा माणूस एनीडेस्क (दुरून आपला स्क्रीन चालवू देणारं ॲप) टाकायला किंवा ओटीपी सांगायला लावतो आणि बँक खातं रिकामं होतं. वहिनींनाही हे सांग. कुणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आत गेलास की त्याच दिवशी चालू नंबर आणि दुसरा ईमेल अकाउंटला जोड, रिकव्हरी की छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेव, आणि वेगळ्या पासवर्डाचं आणखी एक ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट बनव.

आज मात्र एवढंच कर: एकदा चुकीचा पासवर्ड टाकून जो संदेश येतो त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव, आणि मायरिकव्हरीकीच्या पानावर तुझ्या लॅपटॉपचं नाव दिसतं का, ते सांग. की मात्र मलाही पाठवू नकोस.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद